बाराशे रुपयांचा चाकू आणि चार बिनढुंगणाचे हत्ती

माझा पहिला ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू, एका विमानतळाच्या सिक्युरिटीत गेला. चूक शंभर टक्के माझीच, ट्रेकची सॅक तशीच उचलून केबिनमध्ये नेली आणि वरच्या कप्प्यात चाकू आहे हे साफ विसरलो. तिथल्या माणसाने तो उघडला, मानेवरची रिंग दोनदा फिरवून बघितली, बंद केला आणि एका ट्रेमध्ये टाकला, तिथे आधीच कात्र्या, एक स्क्रूड्रायव्हर, कोणाची तरी नारळ खवायची खवणी असा सगळा संसार पडला होता. वाईट वाटलं, पण किती, तर वडापाव हातातून खाली पडल्यावर वाटतं तितकंच. वस्तू हजार-बाराशे रुपयांची. त्याच्या जागी कोणी प्रेमाने दिलेला महागाचा स्विस चाकू असता तर मी त्या माणसाशी अर्धा तास वाद घातला असता आणि विमान गेलं असतं.

तर मागच्या सप्टेंबरमध्ये मावसभावाकडे फ्रान्समधल्या लिऑनला गेलो तेव्हा मनात ठरवूनच गेलो होतो की चाकू घ्यायचा तर तो जिथला आहे तिथे जाऊनच. दादाने आठवड्याचा प्लॅन केला होता, त्यात एक दिवस माँ ब्लाँ, एक दिवस वाईन. मी म्हटलं, दादा एक दिवस सँ-जाँ-द-मोरिएन. "तिथे काय आहे?" म्हटलं चाकूचं म्युझियम आहे. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या घरात सुऱ्या कमी पडतायत का?" दादाला सुट्टी नव्हती (असं तो म्हणाला), त्यामुळे मी एकटाच निघालो.

लिऑनहून आधी शाँबेरीला उतरायचं, दीडेक तास. ओपिनेलचा कारखाना शाँबेरीत आहे, पण मी तिथे उतरलो ते हत्तींसाठी. गावाच्या मधोमध एक कारंजं आहे, त्याला चार दिशांना चार हत्ती, पण हत्ती फक्त पुढून, मागचा भाग नाहीच, चौघेही खांबातून बाहेर आल्यासारखे. गावातले लोक त्यांना जे नाव देतात त्याचं मराठी करायचं तर 'बिनढुंगणाचे चौघे' असंच करावं लागेल. आणि खांबावर उभा आहे तो डी बॉइन. होय, आपला डी बॉइन, महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या, पाटण आणि मेडत्याची लढाई वाला. १७५१ साली याच गावात जन्मला, हिंदुस्थानात मराठ्यांच्या चाकरीत गडगंज पैसा कमावला, परत गावी आला आणि १८३० मध्ये इथेच वारला. गावाला त्याने भरपूर दान दिलं म्हणून १८३८ मध्ये हे कारंजं बांधलं. पुण्यात वानवडीला शिंद्यांची छत्री आहे, मी शाळेत असताना सहलीला गेलो होतो, आणि त्याच माणसाच्या फौजेचा जनरल इथे आल्प्सच्या पायथ्याशी हत्तींवर उभा, हे बघून मी तिथेच कट्ट्यावर बसलो. शेजारी एक आजोबा होते, त्यांना सांगायची फार इच्छा झाली की हा आमच्याकडे नोकरीला होता. माझं फ्रेंच 'बोंजूर' च्या पुढे जात नाही म्हणून राहिलं.

असो, चाकू.

शाँबेरीहून पुढची गाडी आर्क नदीच्या खोऱ्यात शिरते. डोंगर दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की खिडकीतून आकाश बघायला मान वाकडी करावी लागते. सुंदर आहे पण पोस्टकार्डासारखं नाही, खोरं कामाचं आहे, हायवे, विजेचे टॉवर, सँ-जाँ यायच्या सुमारास अल्युमिनिअमचा मोठा कारखाना. हीच लाईन पुढे १८७१ मध्ये उघडलेल्या बोगद्यातून इटलीत जाते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सँ-जाँच्या वर दरड कोसळली आणि इटलीची वाहतूक दीड वर्षाहून जास्त बंद होती, २०२५ च्या मार्चअखेर सुरू झाली. कर्जत-लोणावळ्याला दरड पडली की आपण दोन दिवसात किती कटकट करतो ते आठवलं.

सँ-जाँ हे नाव सेंट जॉनवरून, बाप्तिस्मा देणारा जॉन. त्याच्या हाताची तीन बोटं कोण्या संत बाईने इथे आणली अशी श्रद्धा आहे, म्हणून गावाच्या चिन्हात हात आहे. आणि तोच हात, वर मुकुट, प्रत्येक ओपिनेलच्या पात्यावर ठोकलेला असतो, १९०९ पासून. मुकुट सावॉयच्या डचीचा, म्हणजे या भागातल्या जुन्या राज्याचा. मी इतकी वर्षं तो हात पात्यावर बघून समजत होतो की 'जपून, बोट कापेल' अशी सूचना आहे.

म्युझियम छोटं आहे. लूव्रसारखं काही डोक्यात घेऊन गेलात तर दहा मिनिटात बाहेर याल, मी मात्र दोन तास काढले. गोष्ट साधीच आहे. इथून वर डोंगरात एक वाडी आहे, तिथे ओपिनेलांचं अवजारांचं दुकान होतं, म्हणजे आपल्याकडच्या लोहाराचंच की, कुऱ्हाडी, कोयते. पोरगा जोसेफ, वय १८, त्याला यंत्रांचा नाद, स्वतःचा कॅमेरासुद्धा स्वतःच बनवला होता त्याने. १८९० मध्ये त्याने मित्रांसाठी एक घडीचा चाकू केला, शेतकऱ्याच्या खिशात राहील असा. बापाला हे फार पसंत नव्हतं. पण मित्रांनी मागितले, मग मित्रांच्या मित्रांनी मागितले, आणि १८९७ मध्ये त्याने १ ते १२ नंबरचे आकार काढले. एक नंबर इतका इवलासा की घड्याळाच्या साखळीला लावायचा. १९३५ मध्ये १ आणि ११ बंद केले, एक फारच बारका म्हणून, आणि अकरा हा दहा-बाराच्या मधे लटकलेला म्हणून. आपल्याकडे ११ नंबरची बस अजून चालू आहे ती वेगळी गोष्ट.

एका काचेच्या पेटीतल्या जुन्या चाकूंसमोर मी बराच वेळ उभा होतो. धार लावून लावून पाती इतकी झिजलेली की राहिलीय ती नुसती काडी, मुठी काळ्या, एकाच्या मुठीवर दातांच्या खुणा असाव्यात असं काहीतरी. आणि मला एकदम आमचे आजोबा आठवले. राजापूरकडे त्यांच्या कमरेला आकडीत कोयता असायचाच, पण चंचीत सुपारी, चुना, तंबाखू यांच्याबरोबर एक घडीचा चाकूही असायचा, आठवडे बाजारातला, लाकडी मूठ, आणि खिळा ढिला झालेला. त्या चाकूने ते आंबा कापायचे, माझ्या पेन्सिलला टोक करायचे, पायातला काटा काढायचे, आणि तिन्ही कामांच्या मधे धोतराला एकदा पुसायचे, बस. त्याला कोणी 'चाकू' असंही वेगळं काही मानत नव्हतं, चष्मा असतो तसा तो होता. आता मी खिशातून घडीचा चाकू काढला की ऑफिसातली मंडळी म्हणतात "अरे बापरे, रामपुरी काय!" हिंदी पिक्चरवाल्या गुंडांनी एका साध्या वस्तूची पार वाट लावून ठेवलीय. (फ्रान्समध्येही कायद्याने योग्य कारणाशिवाय चाकू घेऊन फिरता येत नाही बरं का, चीज कापायला हे कारण चालत असावं अशी माझी आशा.)

आता त्यात आहे काय, तर काहीच नाही. सुटे भाग पाच. पातं, लाकडी मूठ, एक खिळा, एक घट्ट बसवलेली पट्टी आणि तिच्यावर फिरणारी रिंग. ही रिंग १९५५ मध्ये आली, पातं उघडून फिरवली की ते बोटावर मिटत नाही. त्याआधी पासष्ट वर्षं लोक नुसत्या लाकडाच्या घट्टपणावर भागवत होते. मूठ बीच नावाच्या लाकडाची, गोल, कुठून कशीही धरा हाताला बोचत नाही. ८ नंबर सगळ्यात खपणारा, पातं साडेआठ सेंटिमीटर. स्प्रिंग नाही, क्लिप नाही, बटण दाबलं की खाडकन उघडणं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८५ मध्ये जगातल्या शंभर उत्तम डिझाईनमध्ये याला घेतलं, आणि तरी किंमत दहा-पंधरा युरो.

त्याचे नखरे पण आहेत हे सांगायला हवं, नाहीतर म्हणाल याला कंपनी पैसे देते. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग पातं आत अडकून बसतं, नखाने ओढून ओढून नख तुटेल पण ते हलणार नाही. त्यावर तिथला उपाय असा की मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटायचं, पात्याचं टोक जरासं वर उसळतं, मग ओढायचं. याला ते लोक 'सावॉयवाल्याचा ठोका' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. म्हणजे बघा, दुसऱ्या कुठल्या कंपनीने याला बिघाड म्हटलं असतं आणि कस्टमर केअरला फोन लावायला सांगितलं असतं, इथे त्याला नाव देऊन मोकळे झाले.

दुसरा नखरा पोलादाचा. दोन प्रकार मिळतात, साधं कार्बनवालं आणि स्टेनलेस. कार्बनवाल्याला धार झकास येते, दगडावर चार हात मारले की झालं, पण सफरचंद कापा, लिंबू कापा, पातं निळं-काळं पडतं, आणि ओलं ठेवलं तर सरळ गंजतं. नेटवर लोक यावर घाबरून प्रश्न विचारतात. ज्यांनी आजीच्या लोखंडी विळीवर कैरी चिरलेली बघितलीय त्यांना यात काही नवल नाही. आमच्या आजीची विळी काळीभोर होती आणि घरात स्टेनलेसची चकाचक विळी आल्यावरही ती भाजी काळीवरच चिरायची, म्हणायची त्या नवीला 'तोंड' नाही.

मी कार्बनवाला ८ नंबर घेतला. ऑलिव्हच्या लाकडाचे, रंगीत, कोरीवकाम केलेले असेही होते, दुप्पट-तिप्पट किमतीचे, हात तिकडे जात होता. पण मला माझा स्वभाव माहीत आहे, तो भारीवाला घेतला असता तर कपाटात ठेवला असता, पाहुण्यांना दाखवला असता आणि सफरचंद कापायला परत स्वयंपाकघरातली सुरी आणली असती. दादासाठीही एक घेतला.

बाहेर येऊन गावातून एक पाव, दोन सफरचंदं आणि बोफोर चीजचा तुकडा घेतला, याच डोंगरांतल्या गाईंच्या दुधाचं चीज, आणि नदीकाठी बाकावर बसलो. नवीन चाकूची पहिली फोड जरा तेलकट लागते. समोर तीन रस्ताकामगार जेवत होते, त्यातल्या एकाने खिशातून स्वतःचा काढला, मूठ पार काळी, पाव छातीशी धरून स्वतःच्या दिशेने चाकू फिरवत कापला (आपल्या आयांनी बघितलं असतं तर किंचाळल्या असत्या), पँटला पुसला आणि मिटला. मी माझ्या चाकूची रिंग अजून उलटी की सुलटी फिरवायची यावर अडलो होतो. त्याने बघितलं, हसला, हाताने खूण करून दाखवलं. आमचं एवढंच बोलणं झालं.

रात्री दादाला त्याचा चाकू द्यायला गेलो तर वहिनी ओरडल्या, "हातात नका देऊ, खाली ठेवा, भांडणं होतात." मी खाली ठेवला. मग दादाने खिशातून एक सेंटचं नाणं काढून माझ्यापुढे ठेवलं, म्हणाला इथे चाकू फुकट घेत नाहीत, मैत्री तुटते म्हणतात, नाणं देऊन विकत घ्यायचा. म्हणजे वहिनींचा आणि फ्रेंच लोकांचा एकूण मुद्दा एकच. ते नाणं अजून माझ्या पाकिटात आहे.

चाकू यावेळी चेक-इन बॅगेत घातला, तीनदा तपासून. पुण्यात आल्यापासून रोज वापरात आहे, पातं आता पूर्ण करडं झालंय, आणि मी नसताना आई त्याने कुरिअरची खोकी फोडते हे मला तिच्या नकळत कळलंय. जुलैत राजापूरला घेऊन गेलो आणि तिथल्या पावसात लाकूड जे फुगलं ते सावॉयवाल्याच्या ठोक्यालाही दाद देईना, ओटीवरच्या झोपाळ्याच्या कडीवर आपटलं, पायरीवर आपटलं, काही नाही. शेवटी खोबरेल तेल चोळून परत आणला आणि ओला मोबाईल ठेवतात तसा तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. काल आईने भात लावायला डब्यात हात घातला. त्यानंतर तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण पातं सुटलंय.