फुकटातला प्लॉट

पुनर्विकासाची बैठक रात्री उशिरा संपली आणि आता झोप लागत नाही. बैठकीत एफएसआयवर (प्लॉटवर किती बांधता येईल त्यावर), पार्किंगवर, बांधकामाच्या काळातील घरभाड्यावर भरपूर बोलणे झाले, पण मनात राहिले ते बिल्डरच्या तरुण प्रतिनिधीने चहा घेताना सहज उच्चारलेले वाक्य : "तुमचं बरं आहे काकू, तुम्हाला जागा फुकटच मिळालेली." सगळे हसले. वसंतरावही हसले, याचे मला अधिक वाईट वाटले.

फुकट कशी? 12 जुलै 1961 रोजी सकाळी, बांधकाम पुरते संपलेले नसताना पाणी अडवलेले, पुण्याजवळच्या पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांत शिरले. मातीच्या भिंतींचे वाडे एकामागून एक खाली बसले. शिवाय खडकवासला रिकामा झाल्यामुळे, ज्या शहराला पुराने बुडवले त्याच शहराला नंतर पिण्याच्या पाण्यासाठी वाड्यांतल्या जुन्या विहिरी शोधाव्या लागल्या. दादांनी, माझ्या वडिलांनी, त्या दिवसाबद्दल फारसे कधी सांगितले नाही. आजीविषयी तर काहीच नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पुढे पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि पर्वतीच्या पलीकडे, तळजईच्या बाजूला सरकारने जमीन दिली. आत्या गोखलेनगरला गेली, पत्र्याच्या अर्धगोल निसन हटमध्ये. उन्हाळ्यात तिथे बसवत नसे, असे ती सांगत असे. सहकारनगर तेव्हा गावाबाहेरचा माळ होता, आणि 'तिकडे कोण राहायला जाणार' असे म्हणणारे नातेवाईकच आता दिवाळीला आले की आमच्या प्लॉटचा दर विचारतात. दादांनी कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, त्याचे हप्ते फेडण्यात माझे सगळे बालपण गेले. शाळेत वर्गात 'पूरग्रस्तांनी हात वर करा' असे सांगितले गेले की मी हात वर करत असे, आणि वह्यांबरोबर मिळणारी ती दया मला आजही आवडत नाही. त्या मुलाच्या बोलण्यात दया नव्हती, हेवा होता. तरी तेच लागले.

इथपर्यंत लिहून पाणी प्यायले आणि मग दादांच्या कागदांची पेटी उघडली, तेव्हा एक गोष्ट प्रथमच नीट ध्यानात आली. शनिवारातला वाडा आमचा नव्हताच. आम्ही तिथे दीड खोलीचे भाडेकरू होतो, संडास सामाईक, नळावर रोज भांडण. पुरात वाहून गेले ते मालकाचे घर होते, आणि त्यानंतर जे मिळाले ते आमचे पहिले स्वतःचे घर. धरण टिकले असते तर दादा कदाचित आयुष्यभर मालकांना भाडे देत राहिले असते आणि आज मी एकशे वीस फूट जादा कार्पेट एरिया मिळावा म्हणून कोणाशी हुज्जत घालत बसले नसते. हे त्या मुलाला सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही. भांडीकुंडी, दागिने, आजोबांच्या पोथ्या गेल्या, हे मात्र खरे आहे, आणि त्यांचा हिशेब कोणत्याच आदेशात नाही.

जमीन अजून भोगवटादार वर्ग-2 मध्ये आहे, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. ती वर्ग-1 मध्ये, म्हणजे पूर्ण मालकीत, आणल्याशिवाय पुनर्विकासाचे घोडे पुढे सरकणार नाही, आणि त्यासाठी मूळ वाटपाचा आदेश व वारसांची प्रतिज्ञापत्रे लागणार आहेत. म्हणजे हात वर करण्याची वेळ पुन्हा आलीच, या खेपेला स्टँपपेपरवर. आदेश पेटीत सापडला, घडीवर फाटला आहे, पण शिक्का वाचता येतो. वकिलांनी मसुदा पाठवला आहे. त्यात पुराचे वर्ष 1962 पडले आहे, ते सकाळी फोन करून दुरुस्त करून घेतले पाहिजे.