हंड्यात पाणी होतं

२ नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

धाकटी आत्ता कुठे झोपली. आज आम्हा कॅथलिकांचा मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळे दफनभूमीत जाऊन आलो, मग घरी जपमाळ. पहिले दहा नमो मरिया संपले आणि ही मध्येच थांबली. ‘नरकाच्या अग्नीपासून आमचा बचाव कर’ म्हणतो ना आपण, तर तिकडे गेलेल्या माणसाला परत कधी सोडतात?

‘आधी जप पुरा कर,’ म्हटलं. हे टाळणं मी माझ्या आईकडून शिकले.

नऊ वर्षांची आहे, यंदा तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायचा विधी. ही प्रार्थना ज्यांच्यापासून सुरू झाली ती पोरंही एवढीच होती. १३ जुलै १९१७, पोर्तुगालमधलं फातिमा: लुसिया दहा वर्षांची, फ्रान्सिस्को नऊचा, जासिंता सातची. लुसियाने पुढे लिहून ठेवलंय की त्या दिवशी मरियामातेने दर्शन देऊन त्यांना नरक दाखवला आणि त्यानंतर ही ओळ शिकवली. सात वर्षांच्या मुलीला नरक दाखवायचा? मी श्रद्धावान आहे, पण आई झाल्यापासून इथे माझं अडतं.

मला नरक दाखवला तो धर्मशिक्षणाच्या वर्गात, वाळूच्या हिशेबाने. बाई म्हणाल्या, समजा हजार वर्षांनी एकदा एक पक्षी येतो आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा एक कण चोचीत घेऊन जातो. सगळी वाळू संपली तरी नरकातला पहिला दिवसही संपलेला नसेल. अर्नाळ्याला आम्ही सहलीला जायचो. तिथून घरी येऊन फ्रॉक झटकला की पडणारी वाळू मी मोजायला बसायचे. मधूनच त्या पक्ष्याचीही दया यायची, त्याने कोणतं पाप केलं होतं? शेजारची मैत्रीण हिंदू. तिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आमच्यात शिक्षा भोगून झाली की सोडतात, मग परत जन्म.’ तिचा इतका हेवा वाटला! आणि लगेच भीती, की हेवा केला म्हणजे आणखी एक पाप. शनिवारी पापनिवेदन चुकलं की रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाताना रस्ता ओलांडायला पाय उचलत नसे. ट्रक आलाच तर?

वय वाढलं तशी ती भीती डोक्यातून गेली. १९९९ च्या जुलैमध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की नरक म्हणजे जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःहून कायमचं तुटल्याची अवस्था. वाचून हायसं वाटलं. पण आजही रात्री छातीत धडधडलं की आधी तो पक्षी येतो, पोप मागाहून.

आजीची भीती मात्र वेगळी होती. ती स्वतःसाठी कधीच घाबरली नाही. जपमाळेत ‘नरकाच्या अग्नी’ची ओळ ती भरभर म्हणून टाकायची आणि पुढच्या ‘सर्व आत्म्यांना स्वर्गात ने’ला आवाज चढायचा. ‘सर्व’वर तर जवळजवळ भांडल्यासारखी.

तिचं पहिलं बाळ १९५० च्या पावसात, घरीच, जन्मल्यावर तासाभरात गेलं. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, राहिला. रस्त्यात पाणी, फादरांना बोलवायला गेलेला माणूस परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. चर्चच्या तेव्हाच्या धर्मसंहितेप्रमाणे स्नानसंस्काराविना गेलेल्याला ख्रिस्ती दफन नाही. आजोबांनी त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. अशी बाळं लिंबोत जातात असं सांगत: तिथे आग नाही, वेदना नाहीत, पण देवाचं दर्शनही कधीच नाही. ही तर म्हणे सवलत होती. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन अशा बाळांना शिक्षा होतेच म्हणत, फक्त सगळ्यांत सौम्य.

तिला खरं खाल्लं ते पुढे कळलेल्या गोष्टीने. प्रसंग आला तर स्नानसंस्कार कुणीही देऊ शकतं. आई, सुईण, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं, बस. ‘हंड्यात पाणी होतं गं,’ ती म्हणायची. एवढंच. पुढचं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

२००७ च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा दस्तऐवज आला: अशा बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. खात्री नव्हे, आशा. लिंबो हा कधीच चर्चचा बंधनकारक सिद्धान्त नव्हता, असंही त्यात होतं. ‘लिंबो रद्द’ अशा बातम्या फिरल्या, ते काही खरं नव्हे. पण मी आजीला त्या बातमीच्याच थाटात सांगितलं. धावतच गेले होते. ती ओटीवर वाल सोलत होती.

ती म्हणाली, ‘मग इतकी वर्षं तो कुठे होता?’

मला वाटलं होतं रडेल, हात जोडेल. सत्तावन्न वर्षं. मी खात्री-आशेचा फरक समजावायला लागले. तिने वालाचं टोपलं माझ्याकडे सरकवलं.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, सातव्या अध्यायातलं वचन मला फार उशिरा भेटलं, तेव्हा ती नव्हती. येशूच्या तोंडी नरकासाठी येणारा ‘गेहेन्ना’ हा शब्द यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून आला. त्या खोऱ्यात यहूदाचे लोक आपली मुलं आगीत होमत. त्यावर देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. ते वाचलं त्या रात्री आजीला उठवून सांगावंसं वाटलं. तिने काय विचारलं असतं ते मात्र ठाऊक आहे.

मधल्या काळात दफनभूमी वाढवली. जागा पुरेना म्हणून जुनी भिंत पाडली, नवी पंधरा-वीस पावलं पलीकडे बांधली. ते ठिकाण आपोआप आत आलं. धर्मसंहितेचा नियम १९८३ मध्ये सैल झाला, भिंतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आजी फक्त म्हणाली होती, ‘आता चालायला कमी पडेल.’

आज आजी-आजोबांच्या कबरीवर झेंडू वाहिला आणि तिकडे गेलो. नेमकी जागा कुणालाच माहीत नाही, मी चिंचेच्या बुंध्यापासून अंदाज घेते. धाकटीने विचारलं, ‘नाव काय त्याचं?’

‘नाव नाही ठेवलं. स्नानसंस्काराला ठेवतात ना.’

ती जरा गप्प राहिली. मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली. मग तिने कुठूनशी करवंटी आणली, मेणबत्ती तिच्यात उभी केली आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः बसून राहिली. अंधार पडला तरी उठेना.