रेषा दिसल्या नाहीत

आमच्या नर्सिंग शाळेच्या शिबिर-रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, 'सहभागाचे कारण'. त्या रविवारी १४ पोरींनी नावं दिली आणि चौदाही जणींनी लिहिलं, 'समाजसेवेची आंवड'. तो चुकीचा अनुस्वारसुद्धा एकमेकींचा बघून.

खरी कारणं मला तोंडपाठ आहेत. रविवारी होस्टेलचं फाटक उघडत नाही, शिबिरासाठी उघडतं. एकीचे वडील मॅडम सोबत असल्याशिवाय तिला कुठेच जाऊ देत नाहीत. दोघींना प्रमाणपत्र हवं असतं. आणि बहुतेकींना स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं असतं. वॉर्डात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पोरींच्या वाट्याला चादरी आणि ताप-नाडी-श्वासाचे टीपीआर चार्ट येतात, सुई हातात यायला इन्चार्ज सिस्टरची मर्जी लागते. मला यात वावगं काही वाटत नाही. भाषण ठोकून आलेल्या पोरी दुपारी दोनलाच गाडी शोधायला लागतात, बोटं टोचायला मिळतात म्हणून आलेल्या शेवटच्या माणसापर्यंत थांबतात.

शिबिर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं होतं. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. मोहाचे दिवस, त्यामुळे दहापर्यंत चिटपाखरू नाही. सगळे पहाटेपासून फुलं वेचायला गेलेले. ज्यांनी सकाळी आठची वेळ ठरवली, त्यांनी मोहाचं झाड कधी पाहिलं नसावं.

सोल्युबिलिटी चाचणी दिसते सोपी. अनामिकेच्या टोकाला, जरा बाजूला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. बोट पिळलं की रक्तात पाणी उतरतं, हे मी शंभरदा सांगते. २० मायक्रोलिटर रक्त २ मिली द्रावणात, पाच मिनिटं थांबायचं, मग नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेषा बुडाल्या तर पॉझिटिव्ह. मात्र वाहक की रुग्ण, एएस की एसएस, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे पाठवावा लागतो. पॉझिटिव्ह निघाल्यावर व्हरांड्यात ओरडायचं नाही, हेही शंभरदा सांगते. त्यावरून लग्नं मोडतात.

चौदांमधली एक धानोऱ्याकडची. ॲनाटॉमीत अडकून एक वर्ष मागे राहिलेली, इंग्रजी आलं की मान खाली. तिथे मात्र गोंडी येणारी ती एकटीच. वर्गात तिला मीही फार बोलले आहे. त्या दिवशी आशाताईंपासून टेक्निशियनपर्यंत सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते, आणि बाया तिला 'सिस्टर' म्हणत होत्या.

एक म्हातारा हात देईना. मागची रांगही हलायला लागली. तिने काहीतरी गोंडीत म्हटलं, ग्लोव्ह काढला, नवं लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, फोडलं आणि स्वतःचंच बोट टोचलं. नियमात हे बसत नाही. मी पलीकडच्या टेबलावर होते, उठेपर्यंत रक्त नळीत गेलं होतं. लोक हसले. म्हाताऱ्याने बोट पुढे केलं. रांग परत लागली.

पाच मिनिटांनी तिने नळीमागे कागद धरला. रेषा दिसल्या नाहीत.

तिने नळी स्टँडला लावली, वहीत स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढचं बोट धरलं. साडेतीनपर्यंत ती जागची उठली नाही.

पुढे पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट एएस आला, म्हणजे वाहक. तब्येतीला सहसा त्रास नाही. पण नवराही वाहक असला तर दर गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. हे तिनेच परीक्षेत लिहून पूर्ण मार्क घेतलेले.

१ जुलै २०२३ ला शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. त्यासाठी आम्ही गाडी भरभरून पोरी नेल्या, पण त्या पोरींपैकी एकीचंही रक्त तपासलं नव्हतं. परत आल्यावर मी अर्ज दिला. उत्तर आलं, 'त्यांच्या त्यांच्या गावी होईल.'

त्या दिवशी परतताना गाडीत मी तिला विचारलं, "काऊन टोचून घेतलं गं?"

"तो बुढा हात देतच नव्हता जी, मॅडम."

रात्री रजिस्टर पूर्ण करताना त्या म्हाताऱ्याची नोंद दिसली. वय ६२. त्याची तपासणी करायचीच नव्हती. वयाचा रकाना सकाळपासून तीच भरत होती.