पाचातच संपलेला डाव

परभणीत काल रात्री लाईट आली अन् भाच्यानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "मामा, ९ घरं भरायचीत, पण ५ भरली की प्रोग्राम संपतो. कामून?"

सी या प्रोग्रामिंग भाषेतला फुली-गोळा, ३ बाय ३ चा मॅट्रिक्स, म्हणजे घरांचा तक्ता. घराघरात फिरणारे दोन फॉर लूप, आत टाइप केलेलं वाचणारा स्कॅनएफ अन् एकेक अक्षर उचलायला सांगणारा टक्का-सी (%c). मी उगाच आधी लूपच तपासत बसलो. मॅट्रिक्स छापला तर ओळी भलतीकडंच तुटलेल्या. एकाआड एका घरात एंटर बसलेला! फुली देऊन एंटर मारला की तोही अक्षरच; पुढचा टक्का-सी तोच उचलतो. ५ अक्षरं, मधले ४ एंटर, भरली ९ घरं.

टक्क्याआधी एक स्पेस दिली की स्कॅनएफ आधीचा एंटर गाळतो; झालं. आकडे वाचणारा टक्का-डी (%d) असे एंटर अन् स्पेस आपणहून गाळतो, म्हणून गेल्या आठवड्यात आकड्यांची बेरीज बिनबोभाट चालली होती.

"एका स्पेसपायी दोन तास?" भाचा म्हणाला. चहा मात्र मलाच करायला लावला.