शाळेचा बँड, दुसरं वर्ष: बिगुल, बासऱ्या आणि परत केलेल्या सुपाऱ्या

नमस्कार मंडळी, जूनपासून लिहीन लिहीन म्हणत होतो आणि बघता बघता सव्वीस जानेवारी तोंडावर आली. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो, सेकंड शिफ्ट असली की सकाळी सातला आमच्या जुन्या मराठी शाळेच्या मैदानावर पोरांचा बँड घेतो. पगार वगैरे काही नाही, हौस आहे. मी स्वतः ह्याच मैदानावर साईड ड्रम वाजवत मोठा झालो. सध्या २३ जण आहेत: ८ बिगुल, ७ बासऱ्या, ५ साईड ड्रम, एक बेस ड्रम, एक झांज आणि मेस (बँडच्या पुढची मोठी दांडी) फिरवणारी एक मुलगी.

जून

एसएसएलसी, म्हणजे आमच्याकडची दहावीची परीक्षा, झाली की दरवर्षी बँडचा कणाच मोडतो. ह्या वेळी दहावीची अकरा पोरं एकदम गेली, त्यात चांगले वाजवणारे सगळेच आले, आणि उरलेल्यांना रांगेत उभं राहायचं तेवढं माहीत. चूक माझीच होती, कारण मागच्या वर्षी जो चांगला वाजवतो त्यालाच पुढे करत राहिलो आणि सातवी-आठवीच्या पोरांच्या हातात वाद्य असं आलंच नाही.

म्हणून ह्या वर्षी एकच नियम केला. नववी-दहावीच्या प्रत्येकाला सातवी-आठवीतला एक जोडीदार. वाद्य दोघांत एक. जोडीदाराला बेसिक आलं नाही तर मोठ्याला पंधरा ऑगस्टला पहिली रांग नाही. दोन पालक भांडायला आले, माझा मुलगा दोन वर्षं घाम गाळतोय आणि तुम्ही त्याला मागे उभं करणार म्हणून. मी ऐकून घेतलं, पण नियम सोडला नाही. शाळेच्या बँडला हेच पहिलं काम वाटतं मला, बाकी ट्रॉफी-बिफी नंतर.

जुलै

पाऊस म्हणजे विचारू नका. ड्रमची चामड्याची पानं (ज्यावर काडी मारतात ते) इतकी सैल पडली की ड्रमवर काडी मारली की पोत्यावर मारल्यासारखा आवाज यायचा, त्यात ताण वाढवायला गेलो तर दोन रॉडचे आटे गेले. दुकानात तो साईज मिळाला नाही म्हणून वर्कशॉपमध्येच जेवणाच्या सुट्टीत सहा रॉड काढले, शेठजींना सांगून. दोन ड्रमला फायबरची पानं टाकली. नाद थोडा कोरडा वाटतो पण पावसाळ्यात रोज तरी वाजतात.

मैदानात चिखल, मग वर्गात पॅडवर सराव. प्लायवूडच्या तुकड्यावर टायरची जुनी ट्यूब ठोकली की झालं पॅड. सिंगल, डबल, मग पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. गल्लीच्या ढोल-ताशा पथकात वाजवणारी तीन पोरं आहेत, त्यांचं मनगट म्हणजे सोनं, पण ती हात गरम झाला की पळत सुटतात, कारण पथकात लय चढवतच न्यायची असते. त्यांना मिनिटाला १२० ठोक्यांवर धरून ठेवायला पूर्ण महिना गेला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पावसात बंद हॉलमध्ये पाच ड्रम एकदम वाजवू नका. मी लेथवर आहे म्हणून मला कानाचं माहीत आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि बंद खोलीत ड्रम तिथवर सहज जातात. इअरप्लगचा बॉक्स आणून ठेवलाय, बेसवाला आणि झांजवाला तर न विसरता घालतात. आमच्या धंद्यात पन्नाशीत बहिरे झालेले लोक रोज बघतो मी, बँडपायी ते कुणा पोराचं होऊ नये.

बिगुलचं प्रकरण

ह्यावर जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडे बऱ्याच शाळा बिगुलवरच अडकून पडतात. बिगुलला बटणं नाहीत, एकच नळी, त्यामुळे जे काही आहे ते ओठात आणि श्वासात. मिळतात पाच स्वर: खालचा सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. रे नाही, म नाही, ध नाही, नी नाही. पाच स्वरांत कॉल, म्हणजे इशाऱ्याच्या छोट्या धुना, छान वाजतात, पोराला दम घ्यायला आणि कान लावायला दुसरं असं वाद्य नाही, पण राष्ट्रगीत त्यात बसायचं नाही ते नाहीच.

आठवीतली एक मुलगी आहे, बारीक चणीची. सुरुवातीला प च्या वर तिचा सूर जाईचना. पंधरा मिनिटं झाली की म्हणायची, "सर, ओठ दुखालेत." बघितलं तर वरच्या स्वरासाठी ती माऊथपीस जोरात दाबायची, ओठावर लाल गोल उठायचा. माऊथपीस हातात घेतलं तर काठाला बारीक खाच, बोट फिरवलं तरी लागत होती, आणि मुलामा उडून आतलं पितळ उघडं. संध्याकाळी लेथवर धरलं, काठ हलक्या हाताने गोल करून घेतला, पॉलिश मारलं, मग बाजारातून मुलामा देऊन आणला. नंतर तिला बिगुल मुठीत धरूच दिला नाही, बोटांच्या टोकांवर नुसता टेकवायचा, म्हणजे दाबता येतच नाही, ओठ आपोआप कामाला लागतात. तीन आठवडे फक्त खालचा सा लांब धरला. मग एका सकाळी वरचा ग आला, स्वच्छ, घंटेसारखा. तिचा जोडीदार दहावीतला, तो तिच्यापेक्षा जास्त ओरडला.

पंधरा ऑगस्ट

आमच्याकडे दोन गोष्टी सगळ्यात आधी पक्क्या लागतात, राष्ट्रगीत आणि नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, पण नाडगीत सरकारी चालीत अडीच मिनिटांचं, आणि सात बासऱ्यांनी अडीच मिनिटं काढायची म्हणजे श्वासाचाच खेळ. सगळ्यांनी एकाच जागी दम घेतला की मध्येच भोक पडतं. म्हणून चार आणि तीन असे दोन गट केले, एक गट ओळीच्या शेवटी श्वास घेतो, दुसरा ओळीच्या मध्ये, ऐकणाऱ्याला कळत नाही. बासऱ्या एकाच कारागिराच्या आणि एकाच पट्टीच्या घ्या, हे मी पैसे घालवून शिकलोय.

दुसरी भानगड भिंतीची. मैदानाच्या पलीकडे साधारण पन्नास मीटरवर शाळेची दोन मजली इमारत. ड्रमचा आवाज तिथे आपटून परत यायला पाव सेकंदाच्या वर, जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, आणि १२० च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे मागच्या रांगेला निम्मा ठोका उशिराचा ड्रम ऐकू येतो आणि पोरं प्रामाणिकपणे त्यावर पाय टाकतात. मी आठवडाभर त्यांच्यावरच चिडत होतो. शेवटी सगळ्यांचं तोंड फिरवून भिंतीकडे पाठ केली आणि सांगितलं, कानावर जाऊ नका, मेसकडे बघा. त्याच दिवशी रांग सुधारली.

बेस ड्रमवर आहे तो शेजारच्या कन्नड शाळेचा, कंपाउंड एकच आहे आमचं. तो ओंदु-एरडु मोजतो, आमची पोरं एक-दोन मोजतात, कमांड सगळी हिंदीत. चाललंय मस्त.

सुपाऱ्या

पंधरा ऑगस्टला बँड चांगला वाजला की सुपाऱ्या सुरू. गणपतीचं आगमन, दुकानाचं उद्घाटन, कुणाचा सत्कार. मागच्या वर्षी सात कार्यक्रम घेतले होते आणि पोरं काय शिकली तर उन्हात दोन-दोन तास पाहुण्यांची वाट बघायला. नवीन एक धून बसली नाही वर्षभरात.

ह्या वर्षी हेडबाईंशी बोलून ठरवलं, वर्षाला चारच कार्यक्रम: पंधरा ऑगस्ट, क्रीडामहोत्सव, गॅदरिंग, सव्वीस जानेवारी. एका मंडळाने बरे पैसे देऊ केले होते, पानांचा खर्च सुटला असता, आणि खरं सांगतो दोन दिवस मन द्विधा होतं. पण परत केली सुपारी. पैसे एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) मीटिंगमध्ये विषय काढून आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून थोडे थोडे जमले, उशीर लागला, पण पोरांचे आठ रविवार वाचले.

दसऱ्याच्या सुट्टीपासून

पुढे काय, असं पालक विचारतात तेव्हा आता माझ्याकडे सांगायला आहे. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने केंद्राची राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते, राज्य, मग झोन, मग फायनल दिल्लीत, त्यात मुलांचा ब्रास (पितळी वाद्यांचा), मुलींचा ब्रास, मुलांचा पाईप (बॅगपाईपचा), मुलींचा पाईप असे चार वेगळे गट आहेत. हवाई दलात अग्निवीरवायू म्युझिशियन, नेव्हीत पण म्युझिशियनची भरती, दोन्हीला दहावी चालते. पोलीस बँड आहेच, म्हैसूरच्या पोलिसांचे तर इंग्लिश आणि कर्नाटकी असे दोन बँड, राजांच्या काळापासूनचे. आणि बेळगावच्या पोरांना मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमुळे मिलिटरी बँड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

पण हवाई दलाच्या चाचणीत काय बघतात तर आपलं वाद्य सुरात लावता येतं का आणि अनोळखी स्वर दिला तर गळ्यातून किंवा वाद्यातून तोच काढता येतो का. आमच्या पोरांना हे कुठे येत होतं! म्हणून ऑक्टोबरपासून रोज पहिली दहा मिनिटं वाद्य खाली, मी मोबाईलवर स्वर देतो, सगळे 'आ'कारात लावतात. सुरुवातीला हसायची, आता कोण बेसूर आहे ते तीच सांगतात. एक सेकंडहँड ट्रम्पेट घेतलाय, मेरठचा, एक बटण अडकत होतं ते साफ करून तेल घातलं. बिगुलवाल्यांचे ओठ तयार असतातच, त्यामुळे दोघांना पंधरा दिवसांत स्केल आली. सरगमच्या शेजारी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) पण लिहितोय फळ्यावर, मी स्वतः रात्री बसून शिकतो आणि सकाळी शिकवतो.

आत्ता

थंडी कडक आहे, सकाळी बासऱ्या उतरलेल्या असतात, पाच मिनिटं फुंकून गरम केल्याशिवाय ट्यूनर काढतच नाही. सव्वीस जानेवारीला पहिल्या रांगेत सहा जोडीदार आहेत, सगळे आठवीचे. ट्रम्पेट अजून रांगेत घेणार नाही, कच्चा आहे. बेसच्या एका बाजूचं पान परत सैल वाटतंय, रविवारी उघडून बघतो. कुणाकडे ट्रम्पेट आणि सात बासऱ्यांना झेपेल अशी सोप्या मार्चची मांडणी असेल तर सांगा, फेब्रुवारीत दहावीची पोरं अभ्यासाला बसायच्या आत सुरू करायची आहे.