टप्प्याचे पाच मिलिसेकंद

चेंडू जमिनीवर आपटतो त्या क्षणाची आकृती बहुतेक वह्यांत एकाच साच्याची असते. एक गोल, त्यातून खाली जाणारा वजनाचा बाण आणि जमिनीकडून वर येणारा तेवढ्याच लांबीचा दुसरा बाण. ही आकृती टेबलावर गप्प बसलेल्या चेंडूची आहे, टप्पा घेणाऱ्या चेंडूची नव्हे. बाण सारखे असते तर निव्वळ बल शून्य झालं असतं, आणि मग खाली निघालेला चेंडू त्याच वेगाने खालीच जात राहिला असता. वर वळायला त्याला काही कारणच उरलं नसतं.

वरचा बाण किती मोठा हवा? टेनिसचा चेंडू घेऊ, कारण त्याची मापं नियमाने बांधलेली आहेत. वस्तुमान ५६ ते ५९.४ ग्रॅम, आणि २५४ सेंमीवरून सपाट, टणक पृष्ठभागावर सोडला की नेहमीच्या प्रकारचा चेंडू १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. आपण ५८ ग्रॅम आणि १४० सेंमी धरू. हवेचा विरोध सोडून दिला तर टेकताना वेग ७.०६ मी/से आणि सुटताना ५.२४ मी/से येतो.

आता वेगातला बदल. इथे सर्रास वजाबाकी केली जाते आणि १.८२ असं उत्तर येतं. पण दिशा उलटली आहे, म्हणून दोन्ही आकडे मिळवायचे: १२.३ मी/से. त्याला ०.०५८ किलोने गुणलं की संवेगातला बदल ०.७१ किग्रॅ·मी/से. चेंडू जमिनीला सुमारे ५ मिलिसेकंद चिकटून असतो. भागाकार केला की सरासरी १४३ न्यूटन. चेंडूचं स्वतःचं वजन आहे ०.५७ न्यूटन. म्हणजे जमिनीचा बाण वजनाच्या बाणाच्या अडीचशे पट! वहीच्या पानावर तो मावणारही नाही. वजनाचा बाण १ मिमीचा काढलात तर हा २५ सेंमीचा.

म्हणूनच टप्प्याच्या हिशेबात त्या ५ मिलिसेकंदांपुरतं गुरुत्वाकर्षण सोडून दिलं तरी चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. टेकण्याआधीच्या हवेतल्या प्रवासात मात्र सगळा कारभार त्याचाच. तिथे हवेचा विरोध शेवटी शेवटी वजनाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत पोचतो.

१४३ न्यूटन ही सरासरी आहे. प्रत्यक्षात बल शून्यातून चढतं, शिखर गाठतं आणि परत शून्यावर येतं. हा चढउतार साइन वक्राच्या अर्ध्या कमानीसारखा धरला तर शिखर सरासरीच्या १.५७ पट, म्हणजे सव्वादोनशे न्यूटनच्या आसपास. चेंडू तेव्हा साधारण सेंटीमीटरभर दबलेला असतो.

या कमानीत दोन जागा बघण्यासारख्या आहेत. पहिली अगदी सुरुवातीची. चेंडूवरची लव (बाहेरचं केसाळ आवरण) जमिनीला टेकली तरी त्या क्षणी चेंडूचा वेग कमी होत नाही, किंचित वाढतच असतो, कारण जमिनीचा रेटा अजून वजनापेक्षा कमी आहे. चेंडू मिलिमीटरचा अगदी लहानसा अंश दबला की दोन्ही बलं सारखी होतात. वहीतली ती सारख्या बाणांची आकृती इथे खरी ठरते, आणि नेमका इथेच चेंडूचा खाली जाण्याचा वेग सर्वांत जास्त असतो. सुटण्याआधी असाच आणखी एक क्षण येतो, तेवढंच.

दुसरी जागा तळाची. चेंडू पुरता दबला, वेग शून्य. वेग शून्य म्हणून बलही शून्य, असं मनात येतंच येतं. उलट आहे. तिथेच, किंवा त्याच्या अगदी जवळ, बल शिखरावर असतं.

वहीतल्या त्या दोन बाणांची जोडी न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची आहे असंही सांगितलं जातं, तेही चूक. वजन आणि जमिनीचा रेटा ही दोन्ही बलं एकाच चेंडूवर लागतात. तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वस्तूंत वाटलेली असते. जमीन चेंडूला १४३ न्यूटनने वर रेटते, तर चेंडू जमिनीला तेवढ्यानेच खाली. वजनाचा जोडीदार म्हणजे चेंडू पृथ्वीला वर ओढतो ते बल.

२५४ सेंमीचे १४० झाले, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के ऊर्जा गेली. आवाजात जाते ती नगण्य. ती मुख्यतः खातात रबर आणि लव. दबताना रबर जितक्या बलाने विरोध करतं, तितक्या बलाने ते सुटताना परत ढकलत नाही. त्याच दबावाच्या मापावर परतीचं बल कमी भरतं आणि मधला फरक उष्णता होऊन जातो. रबर गरम असेल तर ही गळती घटते. स्क्वॉशचा चेंडू खेळण्याआधी मारून मारून तापवतात तो यासाठीच.

तिरका टप्पा असेल तर घर्षण येतं, आणि ते जमिनीच्या रेट्याशी बांधलेलं असतं. रेटा अडीचशे पट, म्हणून घर्षणही तसंच जबरदस्त. घर्षण गुणांक ०.६, उभा वेग ७ मी/से आणि उसळीचं गुणोत्तर (सुटतानाचा उभा वेग भागिले टेकतानाचा) ०.७५ धरलं, तर आडव्या वेगातून जास्तीत जास्त ७.३५ मी/से कापले जातात. फिरकी नसलेला चेंडू ३० मी/सेने आला तर पूर्ण वेळ घसरत राहतो आणि २२.६५ने निघतो. १०ने आला तर मध्येच जमिनीला पकड घेतो, लोळायला लागतो आणि पोकळ गोळ्याच्या हिशेबाने साधारण ६ने निघतो, वर फिरकी घेऊन.

मोजून बघायचं असेल तर उंची डोळ्यांनी टिपू नका, आवाज वापरा. फोनवर टप्पे रेकॉर्ड करा, ध्वनिलहर मोठी करून पहिल्या 'टप्'च्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ घ्या. त्यातून संपर्काचे ५ मिलिसेकंद वजा करा, वर्ग करा, ९.८ने गुणा, ८ने भागा. वजाबाकीनंतर १.०७ सेकंद उरले तर उसळी १.४० मीटर. ०.०१ सेकंद चुकला तर उंचीत अडीच सेंमीचा फरक पडतो. सोडण्याची उंची चेंडूच्या बुडापासून मोजायची, माथ्यापासून नाही. नाहीतर साडेसहा सेंमी आधीच हिशेबात घुसतात. बोटांवरून घरंगळला की फिरकी लागते आणि टप्पा बाजूला पळतो. ते रेकॉर्डिंग सरळ फेकून द्यावं.

संपर्काचा वेळ मात्र फोनच्या नेहमीच्या स्लो मोशनमध्ये सापडत नाही. सेकंदाला २४० चौकटी म्हणजे दोन चौकटींत ४.२ मिलिसेकंदांचं अंतर, त्यामुळे टेकलेला चेंडू एखाद-दुसऱ्या चौकटीतच दिसणार, तोही बहुधा अर्धवट दबलेला. ९६० चौकटींवर चारपाच चित्रं मिळतात, आणि त्यातल्या मधल्या एकात त्याचं बूड सपाट झालेलं स्पष्ट दिसतं.