कोरड्या दिवसांचं काम : आमची वाटचाल

जुन्या शहरांच्या पोटात मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. कोरड्या दिवसांत ते सगळं शुद्धीकरण केंद्रात पोहोचतं. जोराचा पाऊस झाला की वाहिनीला ते पेलत नाही आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून थेट नदीत उतरतं. ते उतरण्याआधी त्यातले रोगजंतू मारणारी यंत्रणा आम्ही बसवतो आणि सांभाळतो. यातलं ‘सांभाळतो’ आमच्या धंद्यात उशिरा आलं.

सुरुवात डोसिंग पंप, म्हणजे पाण्यात मापून रसायन सोडणारे पंप, विकण्यापासून झाली. मी, एक फिटर आणि हिशेब बघणारी माझी पत्नी, असे आम्ही तिघं होतो. पोहण्याचे तलाव आणि शुद्धीकरण केंद्रांतलं शेवटचं क्लोरिनेशन ही आमची नेहमीची कामं. तिथे पाणी एका चालीनं वाहतं, पंप रात्रंदिवस चालू असतो, आणि शुद्धीकरण केंद्रात तर क्लोरीनला जंतूंशी भिडायला अर्धा तास मिळतो. ओव्हरफ्लोचं, म्हणजे सांडव्यावरून नदीत उतरणाऱ्या पाण्याचं, पहिलं काम मिळालं तेव्हा हेच सगळं मोठ्या मापाचं केलं की झालं, असं मी धरून चाललो. मोठी टाकी, मोठे पंप, सांडव्यावर लेव्हल सेन्सर. चाचणी उत्तम झाली, कागदांवर सह्या झाल्या, आम्ही परतलो.

त्यानंतर कित्येक आठवडे पाऊस नव्हता. मग एका रात्री तो आला. सेन्सरनं इशारा दिला, पंप सुरू झाले, पॅनेलवर हिरवे दिवे लागले, आणि नदीत गेलेल्या पाण्यात क्लोरीनचा मागमूस नव्हता. सकाळी फिटरनं पंपाचं डोकं उघडलं. आत द्रव नव्हताच, नुसता वायू होता. डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचीक पडदा, पुढेमागे हलत होता आणि तोच वायू दाबत-सोडत होता. टाकीतल्या हायपोचा, म्हणजे ज्यातून आम्ही क्लोरीन देतो त्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा, नमुना तपासला तर त्याची ताकद मागवली होती त्याच्या जवळपासही नव्हती. ती सकाळ मी विसरलेलो नाही. खाली नदीवर लोक होते.

सोडियम हायपोक्लोराइट टाकीत पडून असताना आपोआप विघटतं. त्याचं काही क्लोरेट होतं, आणि काही भागातून ऑक्सिजन सुटतो. तांबं, निकेल, लोखंड यांचा अंश असला की ऑक्सिजन सुटण्याचा वेग वाढतो. तापमान 10 अंशांनी चढलं तर विघटन तीन-चार पट होतं. चालू पंपात हा वायू द्रावणाबरोबर वाहून जातो, थांबलेल्या पंपात तो साचत राहतो. दोन बंद व्हॉल्व्हांमध्ये हायपो अडकलं तर पाइप फुटण्याइतका दाब तयार होतो. पुस्तकातलं हे सगळं मी वाचलेलं होतं. पण आमच्या यंत्रणेचं बहुतेक आयुष्य थांबलेलं जाणार आहे, हा विचार मी केला नव्हता.

ती यंत्रणा आम्ही स्वखर्चानं बदलली. टाकीतून येणारा पाइप पंपाकडे उतरता घेतला, म्हणजे बुडबुडे उलट टाकीकडे चढतील. बॉलमध्ये दाबमोकळीचं छिद्र असलेले व्हॉल्व्ह लावले. काही ठिकाणी डायफ्राम पंप काढून नळी पिळून द्रव पुढे ढकलणारे पेरिस्टाल्टिक पंप घेतले. हायपो 12 टक्क्यांचं येतं, ते मृदू पाण्यानं निम्मं पातळ करून ठेवू लागलो. संहती अर्धी झाली की विघटनाचा वेग चौथाईवर किंवा त्याहूनही खाली येतो. टाकी दुप्पट लागते, पण पाऊस येतो त्या दिवशी रसायनात जीव असतो. पाणी मृदू नसेल तर चुन्याचे थर धरून इंजेक्शनची तोंडं बुजतात, हेही आम्हाला एकदा बुजल्यावरच कळलं.

याच काळात आमच्याकडे एक केमिस्ट आल्या. पंपवाल्यांची कंपनी पाणी कळणाऱ्यांची झाली ती त्यांच्यामुळे. त्यांनी आम्हाला पहिल्या लोंढ्याकडे बघायला शिकवलं. पावसाच्या सुरुवातीचं पाणी वाहिनीच्या तळाशी आठवडे साचलेला गाळ घेऊन येतं. त्यात सल्फाइड असतं, आणि एक भाग सल्फाइड पूर्ण सल्फेट व्हायला जवळजवळ नऊ भाग क्लोरीन खातं. जंतूंच्या वाट्याला काही उरायच्या आधीच डोस संपतो. अर्ध्या-पाऊण तासानं तेच पाणी पातळ झालेलं असतं आणि तोच डोस जास्त होतो. म्हणून केवळ प्रवाह मोजून डोस ठरवणं पुरत नाही. आम्ही सुरुवातीचा डोस चढा ठेवतो आणि उर्वरित क्लोरीन मोजत मोजत तो उतरवतो. घन कण मोठे असतील तर त्यांच्या आत बसलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचतच नाही. त्यामुळे आधी जाळी किंवा निवळण टाकी नसेल तर काम घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्या निर्णयानं काही कामं हातची गेली.

वेळेचा प्रश्न सगळ्यात कठीण. अर्ध्या तासाऐवजी इथे पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. त्याची भरपाई दोन गोष्टींनी करावी लागते, चढा डोस आणि जोरकस मिसळण. लिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत आणि कधी त्यापुढेही जावं लागतं. हायपो पाण्यापेक्षा जड असतं. नुसतं ओतलं तर ते तळ धरून सरकत जातं आणि वरचं पाणी कोरं राहतं. वेगवान मिक्सर लावायचा, किंवा सांडव्याखाली पाणी जिथे उसळतं नेमकं तिथे ते सोडायचं. शिवाय मैलापाण्यात अमोनिया असतो. क्लोरीन त्याच्याशी जोडला की क्लोरामिन बनतं, आणि त्याचं जंतुनाशन फार सावकाश चालतं. पहिल्या काही सेकंदांत क्लोरीन सगळीकडे पोहोचला तर पोहोचला.

चढ्या डोसाचं दुसरं टोक नदीत असतं. गोड्या पाण्यातल्या जलचरांसाठी अमेरिकेत ठरवलेली तीव्र विषारीपणाची मर्यादा लिटरला 19 मायक्रोग्रॅम क्लोरीन आहे. आपण टाकतो तो मिलिग्रॅममध्ये. त्याच देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 1994 च्या ओव्हरफ्लो धोरणात, गरज असेल तिथे निर्जंतुकीकरणाबरोबर घातक रसायनाचा उरलेला अंश काढून टाकायलाही सांगितलं आहे. आमच्याकडे तो अंश सोडियम बायसल्फाइटनं काढतात. एक भाग क्लोरीनला दीड भागाला थोडं कमी बायसल्फाइट पुरतं. जास्त टाकलं तर ते पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खातं, आणि मासे क्लोरीनमधून वाचून तिथे गुदमरतात. हायपो आणि बायसल्फाइट यांच्या टाक्या शेजारी नकोत, दोन्हींचे पाइप वेगळ्या रंगाचे, दोन्हींची टँकरला जोडायची कपलिंगं वेगळ्या मापाची, हा आमचा नियम आहे. हायपोच्या टाकीत बायसल्फाइटसारखं आम्लधर्मी द्रावण गेलं की क्लोरीन वायू सुटतो. टँकरचालक रात्री एकटा येतो आणि घाईत असतो, हे धरूनच जोडणी करायची.

आणखी एक चूक सांगायलाच हवी, कारण तिचा आम्हाला फायदाच होत होता. एका जागेचे आमचे निकाल विलक्षण चांगले येत होते. ई. कोलाय, म्हणजे मैल्याची खूण म्हणून मोजतात ते जंतू, जवळजवळ शून्य. ग्राहक खूश होता, आम्हीही होतो. केमिस्टबाईंनी नमुन्याच्या बाटल्या पाहिल्या, त्यात क्लोरीन तिथल्या तिथे संपवणारं सोडियम थायोसल्फेट नव्हतं. म्हणजे बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दोन-तीन तास आत क्लोरीन काम करत राहिला होता. नदीत पडताना जे जंतू जिवंत होते, ते बाटलीत मेलेले दिसत होते. आम्ही ग्राहकाला पत्र लिहून आधीचे आकडे मागे घेतले आणि नव्यानं नमुने घेतले. नवे निकाल वाईट नव्हते, पण आधीसारखे सुंदरही नव्हते. पुढचा हंगामभर त्यांनी आम्हाला काम दिलं नाही. नंतर दिलं, आणि या वेळी देखभालीसकट.

तेव्हापासून आम्ही नुसती यंत्रणा विकत नाही. दर आठवड्याला आमचा माणूस प्रत्येक जागी जातो. हायपोची ताकद टायट्रेशननं तपासतो, पंप साध्या पाण्यावर चालवतो, सेन्सर हातानं बुडवून बघतो, इंजेक्शनचं तोंड उघडून बघतो. बारा जणांच्या आमच्या कंपनीत आठ जण याच फेऱ्यांवर असतात. कोरड्या दिवसांत याचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक नव्या बैठकीत येतो. मी त्यांना ती पहिल्या पावसाची सकाळ सांगतो.

सध्या एका जागी हायपोऐवजी दुसऱ्या जंतुनाशकाची, पेरअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची चाचणी सुरू आहे. ते हायपोपेक्षा जास्त काळ टिकतं, क्लोरीनयुक्त उपपदार्थांचा प्रश्न त्यात जवळजवळ उरत नाही, आणि महिनेच्या महिने थांबून राहणाऱ्या यंत्रणेला हा गुण मोठा वाटतो. मात्र ते महाग आहे, त्याचा उग्र आंबट वास नाकात जातो, आणि त्यातलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड पाण्यावरचा सेंद्रिय भार वाढवतं. आजवर तिथे तीन ओव्हरफ्लो झाले. नमुन्याच्या बाटल्या केमिस्टबाई स्वतः भरतात. पेरअ‍ॅसिटिकबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडही येतं, म्हणून आता बाटल्यांत थायोसल्फेटच्या जोडीला पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे एंझाइमही घालतात. चौथा पाऊस आला की तेही नमुने प्रयोगशाळेत जातील.